दान, जोहार आणि विसावा हिस्सा



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा मंडळाच्या पोरांचा आग्रह झाला. मी काही विद्वान माणूस नाही. राईस मिलमध्ये पोती वाहता वाहता जे वाचले, बुजुर्गांकडून जे ऐकले, तेवढीच माझी शिदोरी. विषय दानाचा घेतला आहे. त्याला कारणही आहे.

मागच्या हिवाळ्यात आपण देवरी तालुक्यातील एका गावात ब्लँकेट आणि वह्या वाटायला गेलो होतो. लोकांना रांगेत उभे करणारा मीच. एका म्हातारीने ब्लँकेट घेतले आणि खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. मी नाही म्हटले नाही. खरे सांगतो, त्या वेळी मला बरेच वाटले. रात्री मात्र झोप लागली नाही. माझा आजा मालगुजाराच्या अंगणात असाच वाकून जोहार करायचा. मग मी आज कोणाच्या जागेवर उभा होतो?

तेव्हापासून मी दानाचा इतिहास शोधू लागलो. फार दूर जावे लागले नाही. १९९९ पर्यंत आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. त्याच भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथे १९६९-७० साली उत्खनन होऊन सुमारे २००० वर्षांपूर्वीचा स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. एका राजाने पैसा ओतला आणि काम झाले, असे नाही. कोणी खांब दिला, कोणी शिळा दिली. असे थोडे थोडे करून ते काम उभे राहिले. एका दानलेखात तर सर्व प्राणिमात्रांना सुख लाभो, अशी इच्छा आहे. देणाऱ्याने स्वतःसाठी काही मागितले नाही, घेणाऱ्याने वाकावे असेही म्हटले नाही.

अंगुत्तर निकायात भगवंतांनी दोन माणसे जगात दुर्मीळ सांगितली आहेत. एक पुब्बकारी, म्हणजे आधी उपकार करणारा. दुसरा कतञ्ञू-कतवेदी, म्हणजे केलेला उपकार जाणणारा आणि फेडणारा. दोघांचे नाव एका ओळीत घेतले आहे, एक वर आणि एक खाली असे नाही.

बाबासाहेबांचे जीवन पहा. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. तो उपकार मोठाच. पण करारानुसार १९१७ साली बडोद्याला नोकरीस आले, तर राहायला कोणी जागा देईना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. म्हणजे पैसा मिळाला, तरी समाजाकडून मान मिळालाच असे नाही. बाबासाहेबांनी उपकाराची फेड कशी केली? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. जे स्वतःला मिळाले ते पुढच्यांना दिले. आपल्या गोंदियात कालीचरण नंदागवळी यांनी मुलींसाठी शाळा काढली, तीही याच वाटेवरची.

१९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शिळ्या तुकड्यांची मागणी सोडायला सांगितले. आणि दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे आवाहन केले. समोर कोण बसले होते? शेतमजूर, गिरणी कामगार, विडी कामगार. ज्यांच्या हातात काल भीक पडत होती, त्यांनाच बाबासाहेबांनी दाते म्हटले! माझ्या मते दीक्षेने जे दिले त्यात हे फार मोठे आहे.

यंदा मी त्या गावी परत गेलो. रांग लावली नाही, फोटो काढला नाही. म्हातारीच्या ओसरीवर बसलो, पाणी प्यालो, मागच्या वर्षी चुकलो म्हणून सांगितले. तिने आतून पायलीभर धान आणून दिले. म्हणाली, "घेऊन जा बापू, तुमच्या विहारात शिजवजा. मी का फुकटच घेत राहू?"

ते धान वर्षावासाच्या भोजनदानात शिजले. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो भात खाल्ला आहे.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. वाटपाच्या वेळी लाऊडस्पीकरवरून दात्यांची नावे पुकारणे बंद करावे. रांग बंद करावी. काय पाहिजे ते गावातल्या लोकांनाच विचारावे, आणि ते जे देतील ते आनंदाने घ्यावे. महिन्याच्या मजुरीतला विसावा हिस्सा मी बाजूला काढतो. तुम्हीही काढा. ज्याला जमत नसेल त्याने मूठभर तांदूळ काढावा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!