डॉक्टरांची पाटी किती मोठी?

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावी थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई 1880 च्या सुमारास दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर लागायला वेळ होता, म्हणून तिथलं एक मिशनरी नियतकालिक चाळत बसल्या. त्यात पोस्टखात्यातल्या गोपाळराव जोशींचं पत्र छापलेलं होतं: पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का? आधी ख्रिस्ती व्हा, असा मिशनऱ्यांच्या उत्तराचा रोख होता. ते उत्तरही तिथेच छापलं होतं. कार्पेंटरबाईंनी थेट त्या पत्नीला, आनंदीबाईंना लिहिलं, आणि त्या ओळखीतून फिलाडेल्फियात वैद्यक शिकण्याची वाट उघडली. 11 मार्च 1886 ला आनंदीबाई एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली, पण तिथे रुजू होण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. दवाखान्याची पाटी कधी लागलीच नाही, तरी नाव दोन खंडांत पोचलेलं होतं.

डॉक्टरनं स्वतःचं नाव लोकांसमोर कसं न्यावं, हा प्रश्न मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिली तुकडी 1851 मध्ये बाहेर पडली. तिच्यात मूळचे गोव्याचे भाऊ दाजी होते. धर्मार्थ दवाखाना, जुन्या शिलालेखांचं वाचन, शिक्षणसंस्था, सभा, समित्या, सगळीकडे ते दिसत. भाऊ आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांनाही फोटोग्राफीचा नाद होता. (आज हे दोघे असते तर त्यांचे व्हिडिओ नक्कीच पाहिले गेले असते.) पण भाऊंच्या कीर्तीला एक डाग लागला. कुष्ठरोगावर ते कवटीच्या बियांपासून केलेलं औषध वापरत होते आणि बराच काळ त्यांनी त्याचं नाव गुप्त ठेवलं. त्यावर टीका झाली. नाव जाहीर, औषध गुप्त, ही गोष्ट तेव्हाच्या डॉक्टरमंडळींना खटकली. ती खटकायलाच हवी होती.

उलट उदाहरण डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस यांचं. हेही गोव्याचेच, हडफड्याचे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापानं फणफणलेले, जांघेत गाठी आलेले रोगी त्यांना दिसले. हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं. व्हिएगस महापालिकेत सभासद होते, त्यांनी ही गोष्ट स्थायी समितीपुढे उघडपणे मांडली. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा, बंदराला लागून असलेला भाग. तिथे प्लेग म्हणजे व्यापाराला टाळं. सुरुवातीला अनेकांना ते पटलं नाही, काहींना पटवून घ्यायचंच नव्हतं. पण निदान खरं ठरलं. पुढे व्हिएगस पालिकेचे अध्यक्ष झाले आणि मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. एवढी प्रसिद्धी विकत घेऊन मिळाली नसती.

याच काळात वर्तमानपत्रांची पानं औषधांच्या जाहिरातींनी भरत होती. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना 1872 चा, अमृतांजनची सुरुवात मुंबईत 1893 मध्ये झाली. हे कारखाने रीतसर होते, पण त्यांच्या शेजारच्या रकान्यांत कसलेही ‘रामबाण’ उपाय दिमाखात झळकत. औषध विकणाऱ्याला ओरडायची मुभा होती. पदवीधर डॉक्टरच्या तोंडाला मात्र हळूहळू कुलूप लागलं. 1912 च्या मुंबई वैद्यक कायद्यानं डॉक्टरांची नोंदवही आली. नोंदवही आली की नाव कमी करण्याची भीती आली, आणि तिच्याबरोबर पाटी किती मोठी असावी, याचंही शास्त्र आलं.

मुंबई इलाख्याबाहेर, संस्थानी माळव्यात डॉक्टरच्या नावाचा प्रवास वेगळ्या वाटेनं व्हायचा. देवासच्या दोन पाती, धारचे पवार, होळकरांचं इंदूर. दरबारचा आश्रय हीच तिथली मोठी पाटी. इंदूरला वैद्यकीय शाळा 1878 पासून होती. देवासची तर हवाच औषध मानली गेली: क्षय झालेले गायक कुमार गंधर्व 1948 मध्ये तिथे आले ते याच कोरड्या हवेसाठी. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, विंध्याच्या डोंगरात असलेल्या उदयनगरसारख्या गावाला मोठ्या आजारासाठी इंदूरचीच वाट धरावी लागते. अशा ठिकाणी डॉक्टरची निवड बहुतेकदा आधी जाऊन आलेल्याच्या शब्दावर होते. इंदूरच्या डॉ. भक्ती यादव यांचं नाव असंच पसरलं. त्यांनी वर्षानुवर्षं गरीब बायकांची बाळंतपणं विनामूल्य केली. नव्वदी उलटल्यावर, 2017 मध्ये, त्यांना पद्मश्री मिळाली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांना त्यांचा शोध लागला. बाळंतिणींना तो फार आधी लागला होता.

डॉक्टरांच्या वर्तनाचे देशभरासाठीचे नियम 2002 मध्ये नव्यानं आले, आणि ते मुळातून वाचण्यासारखे आहेत. पाटी अवाजवी मोठी नको. तिच्यावर नाव, पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक असा मोजकाच मजकूर. औषधाच्या दुकानावर ती लावायची नाही. वर्तमानपत्रात निवेदन द्यायचं ते दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर गेलो वा परतलो, अशाच कारणांसाठी. रोगी ओढून आणणारा लेख वा मुलाखत नको. मात्र सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावानं लिहायला, व्याख्यान द्यायला, रेडिओ-टीव्हीवर बोलायला, अगदी ‘इंटरनेट चॅट’लाही मोकळीक. व्हिएगस चालतील, गुप्त औषधवाला नाही, असाच हा हिशेब. तो शहाणपणाचा आहे. अडचण एवढीच, की आरोग्याबद्दल उत्तम बोलणाऱ्याकडेच रोगी जातो. मग प्रबोधन कुठे संपलं आणि जाहिरात कुठे सुरू झाली?

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या बाबतीत हा प्रश्न घराघरात चर्चिला गेला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून घेतलेली कल्पना, दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण 55 मिनिटांत संपवा, त्यांनी व्याख्यानांतून आणि यूट्यूबवरून मांडली. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून पसरली. व्याख्यानं फुकट होती. राज्य सरकारनं स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेसाठी त्यांचा चेहरा निवडला, तेव्हा आहारतज्ज्ञांशी जाहीर खडाजंगीही झाली. करोनाकाळात पिट्सबर्गचे डॉ. रवी गोडसे मराठीतून बोलू लागले आणि घरी अडकलेल्या माणसांनी त्यांना ओळखीच्या डॉक्टरसारखं ऐकलं. दोघांनाही पाटीची गरज नव्हती.

राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2 ऑगस्ट 2023 ला नवे नियम काढले. त्यांत समाजमाध्यमांसाठी वेगळं प्रकरण होतं: लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका, रुग्णांकडून कौतुकाचे अभिप्राय मागू नका, त्यांचे फोटो वा स्कॅन टाकू नका, आपल्या विषयातली खरी माहिती जरूर द्या. डॉक्टरांच्या संघटनांची नाराजी होती ती मुख्यतः जेनेरिक औषधं लिहिण्याच्या सक्तीवर. तीन आठवड्यांत, 23 ऑगस्टला, सगळेच नियम स्थगित झाले, आणि त्यांच्याबरोबर समाजमाध्यमांचं हे प्रकरणही बाजूला पडलं. 2002 चे नियम पुन्हा लागू झाले. डेंग्यूवर रील करणाऱ्या डॉक्टरला त्यानंतर ज्या कागदाचा आधार उरला, त्यात सगळ्यात आधुनिक शब्द ‘चॅट’ हा होता.