बालाघाट : बोलावलेले, आलेले आणि पोटासाठी गेलेले

बालाघाट जिल्हा १८६७ साली मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. घाटावरचा, म्हणजे बैहर आणि परसवाडा पठारावरचा मुलूख लागवडीखाली आणावा, हा त्यामागचा एक हेतू होता. वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकत होते, मालगुजारी होती, सारा येत होता. वरच्या पठारावर गोंड आणि बैगा राहत होते. तेथून सरकारला फारसे काही मिळत नसल्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांत तो भाग ओसाड ठरला. कोण कोठून आला, कशासाठी आला आणि त्याला काय म्हणायचे, या प्रश्नाला या जिल्ह्यात तेव्हापासून दर पिढीला वेगळे उत्तर मिळाले आहे.

खोऱ्यातील प्रमुख शेतकरी जात पोवारांची. ते मूळचे माळव्यातले, धारकडचे. औरंगजेबाच्या काळात ते तिकडून निघून रामटेकजवळच्या नगरधनला आले, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या कटक मोहिमेत त्यांनी साथ दिली आणि त्या बदल्यात वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ काढला त्यातही ही हकीकत आहे. तपशील कितपत खरे, याविषयी वाद घालता येईल. पण क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी आश्रय, मग चाकरी, मग जमीन. तळी बांधून धानाला पाणी देण्यात हे लोक वाकबगार होते, आणि दोन पिढ्यांत कोणी त्यांना परके म्हणेनासे झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मण नायक नावाच्या एकाने परसवाडा पठारावर पहिली गावे वसवली. जिल्हा झाल्यावर डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्ड यांनी पोवारांना बैहरकडे नेण्याचा उद्योग नेटाने केला. हिवतापाचा प्रदेश, वाघांचा उपद्रव आणि घाट चढून जाणाऱ्या गाड्यांचे हाल पाहता आमिषाशिवाय कोणी वर जाण्यासारखे नव्हते. म्हणून जमिनी सवलतीने देण्यात आल्या. आजच्या भाषेत ज्याला आर्थिक स्थलांतर म्हणतात ते येथे सरकारी आमंत्रणाने झाले, आणि त्याबद्दल अधिकाऱ्यांची वाहवा झाली.

याच ब्लूमफील्ड यांनी १८८५ साली बैगांवर एक टिपण प्रसिद्ध केले. बैगा बेवर करीत. डोंगरउतारावरची झाडे तोडायची, वाळली की जाळायची, राखेत कुटकी-कोदो पेरायचे आणि दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे सरकायचे, अशी ही शेती. जमिनीला नांगर लावणे त्यांना पाप वाटे. वनखात्याला सागवान आणि साल हवे होते. राखीव जंगलात बेवर बंद होत गेली आणि शेवटी १८९० साली मंडल्याच्या बाजूला, आजच्या डिंडोरी जिल्ह्यात, ‘बैगा चक’ नावाचा तुकडा त्यांच्यासाठी आखून देण्यात आला. एकीकडे माळव्याहून आलेल्यांच्या वंशजांना जमीन देऊन वर चढवायचे आणि दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच असणाऱ्यांना भटके ठरवून हलवायचे, हे एकाच कारकिर्दीतले धोरण होते. या विसंगतीची जाणीव त्या काळच्या अहवालांत फारशी दिसत नाही.

१८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळाने जिल्हा हादरला. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,२६,५२१ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी. मेलेल्यांत निघून गेलेल्यांची भर होती. मध्य प्रांतातून आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर नेण्याचा धंदा या काळात जोरात होता. गावोगाव फिरणारे दलाल आगाऊ रक्कम देत आणि अंगठा घेत. करार मोडून मळा सोडणे फौजदारी गुन्हा होता. आसामातील चहामजुरांमध्ये गोंड, पनिका ही नावे आजही आढळतात ती या भरतीमुळे.

शतक उलटताच उलटी वाट सुरू झाली. भरवेली, उकवा, तिरोडी या भागात मँगनीजचे साठे सापडले. पोलादाला कठीणपणा देण्यासाठी हे खनिज युरोपला हवे होते. जगाच्या बाजारात कॉकेशसच्या मँगनीजचा दबदबा होता. पण १९०५ साली रशियात उलथापालथ झाली, तिकडची निर्यात आटली आणि मध्य प्रांताच्या खदानींना अचानक भाव आला. थोड्याच वर्षांत भारत मँगनीजच्या अग्रगण्य उत्पादकांत जाऊन बसला. गोंदिया ते जबलपूर ही सातपुड्यातली अरुंद रुळांची रेल्वे याच सुमारास, १९०३ ते १९०५ दरम्यान, टप्प्याटप्प्याने सुरू झाली होती, त्यामुळे माल बाहेर काढणे सोपे झाले.

खदानीतले काम खडतर होते आणि मजुरी तुटपुंजी. स्थानिक शेतकरी रोवणी-कापणीच्या दिवसांत खदानीकडे फिरकत नसत. म्हणून ठेकेदार आजूबाजूच्या गोंड-महारांबरोबर छत्तीसगढमधून कुटुंबेच्या कुटुंबे आणत. पुरुष खणत, बायका टोपल्या वाहत, मुले दगडातून खनिज निवडत. मजुरी खणलेल्या मालाच्या मापावर मिळे. मजूर कंपनीचा नोकर नसे. त्याचा हिशेब ठेकेदाराशी. त्यामुळे भाव पडला की कोणालाही काढून टाकण्याची गरज पडत नसे, नुसते बोलावणे थांबवले की झाले. १९३० च्या मंदीत तसेच घडले. खदानी बंद पडल्या आणि तांडे आल्या वाटेने परत गेले.

मध्य प्रांतात मँगनीज काढणारी ब्रिटिश कंपनी १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ या नावाने निघाली होती. १९६२ साली तिची मालमत्ता सरकारी भागीदारीच्या ‘मॉईल’कडे आली आणि १९७७ साली उरलेले ४९ टक्के भागही सरकारने घेतले. कायम कामगारांना पगार, घर, दवाखाना मिळू लागला. बाहेरून आलेल्या मजुरांची नातवंडे भरवेलीची स्थानिक रहिवासी झाली, आणि खदानीत नोकरी लागावी म्हणून तीच आता आसपासच्या गावांतील तरुणांच्या रांगेत उभी राहतात.

१ नोव्हेंबर १९५६ या तारखेने या जिल्ह्याचा भूगोल बदलला. तोपर्यंत नागपूर ही बालाघाटकरांची राजधानी होती. कचेरी, कोर्ट, कॉलेज, कापसाच्या गिरण्या, सगळे तेथे. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. लांजी किंवा वारासिवनीचा माणूस आधी जेथे सहज कमवायला जाई, तेथे तो कायद्याने परराज्यातला झाला. घरातली मराठी, पोवारी वा गोंडी तीच, सोयरीक गोंदिया-भंडाऱ्यातच, पण कागद बदलले. एका तारखेने इतकी माणसे बसल्या जागी ‘बाहेरची’ झाल्याची उदाहरणे कमी नाहीत, तरी येथे ते विशेष ठळक दिसते.

याच पट्ट्यात खरे निर्वासितही येत होते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी गोंदिया-बालाघाटच्या बाजारपेठांत दुकाने थाटली. १९५८ च्या दंडकारण्य योजनेखाली पूर्व बंगालचे विस्थापित दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यात वसवले गेले. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत उभी राहिली. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि देशात तसा स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे प्रत्येक गटाचा निर्णय त्या त्या वेळच्या सरकारने केला. छळामुळे आलेला आणि भुकेमुळे आलेला, असा जो भेद युरोपातील वादात काटेकोरपणे केला जातो, तो येथे केलाच गेला नाही; भुकेमुळे आलेला देशाचाच नागरिक होता. त्याला विचारला गेला तो ‘कोणत्या राज्याचा’ हा प्रश्न.

१९७० च्या दशकापासून बालाघाट मुख्यतः मजूर पाठवणारा जिल्हा झाला. कान्हा राष्ट्रीय उद्यानातून गावे हलवली गेली. धानाचे एकच पीक, तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत (१९८२) अकुशल हातांना मर्यादित जागा. मग नागपूरची बांधकामे, हैदराबादच्या इमारती, तेलंगणातील मिरचीची तोडणी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशात सर्वाधिक. पुरुष बाहेर असणे हे याचे एकमेव कारण नाही. मुलींना जगू देणारी समाजरीतही त्यात आहे.

भूमिपुत्रांचा वाद दोन्ही राज्यांत झाला. महाराष्ट्रात १९६६ नंतर शिवसेनेने तो उचलला. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री कमलनाथ यांनी १७ डिसेंबर २०१८ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, सवलती घेणाऱ्या उद्योगांत ७० टक्के स्थानिकांची अट घातली आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या लोकांचा उल्लेख केला. ऑगस्ट २०२० मध्ये शिवराजसिंह चौहान यांनी सरकारी नोकऱ्या राज्यातील तरुणांनाच देण्याची घोषणा केली. तेव्हा कोरोनाच्या टाळेबंदीने परराज्यांतून परतलेले मजूर नुकतेच घरी पोचले होते. मे महिन्यात बालाघाटच्या एका मजुराने गर्भवती पत्नी आणि लहान मुलीला हाताने बनवलेल्या लाकडी गाड्यावर बसवून हैदराबादकडून ओढत आणले होते, आणि ते दृश्य देशभर दाखवले गेले.

या मजुरांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. ठेकेदाराने नेलेल्यांनाच तो लागू असल्याने स्वतःहून गेलेले त्यातून सुटत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने स्वतःहून गेलेल्यांनाही व्याख्येत घेतले, पण महिना १८,००० रुपयांपर्यंतच्या मजुरीची मर्यादा ठेवली आणि स्थलांतरितांविषयीच्या तरतुदी असे दहा किंवा अधिक मजूर असलेल्या आस्थापनांनाच लावल्या. पाच-सहा जणांच्या टोळीने नागपूरला जाऊन छोट्या ठेकेदाराकडे गवंडीकाम करणारे बालाघाटचे मजूर त्या आकड्याच्या खालीच राहतात.