ट्रेव्हर ग्रिफिथ्स : रंगमंच, दूरचित्रवाणी आणि वास्तववादाचा प्रश्न

ट्रेव्हर ग्रिफिथ्स (१९३५–२०२४) या ब्रिटिश नाटककाराच्या कारकिर्दीची एक सोयीची मांडणी करता येते : रंगभूमीवरचा एक जहाल नाटककार दूरचित्रवाणीकडे वळला आणि प्रेक्षकसंख्येच्या मोहापायी त्याने रूढ वास्तववाद पत्करला. ही मांडणी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे मला वाटते.

ग्रिफिथ्स यांचा जन्म मँचेस्टरमधील अँकोट्स या कामगारवस्तीतला. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ज्यांना विद्यापीठाची वाट खुली झाली, त्या पहिल्या पिढीतले ते लेखक. ज्या वर्गातून आपण आलो तो वर्ग नाट्यगृहाकडे फिरकत नाही, ही जाणीव त्यांच्या लेखनाच्या मुळाशी आहे. १९७३ मध्ये नॅशनल थिएटरने सादर केलेल्या ‘द पार्टी’ या नाटकात पॅरिसमधील मे १९६८ च्या उठावाची चर्चा लंडनमधील एका दूरचित्रवाणी निर्मात्याच्या घरी चालते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी साकारलेला वृद्ध ट्रॉट्स्कीवादी टॅग तेथे जमलेल्या बुद्धिजीवींच्या निष्क्रियतेचे दीर्घ विश्लेषण करतो. माध्यमात काम करणाऱ्या डाव्या लेखकाचे प्रयोजन काय, हा प्रश्न अशा रीतीने प्रथम रंगमंचावरच उपस्थित झाला.

त्याचे उत्तर ग्रिफिथ्स यांनी ‘व्यूहात्मक शिरकाव’ या कल्पनेत शोधले. प्रस्थापित माध्यमात, त्याच्या परिचित रूपबंधांतूनच, विरोधी विचार पोहोचवायचा, हे तिचे सूत्र. ‘बिल ब्रँड’ (१९७६) ही थेम्स टेलिव्हिजनची अकरा भागांची मालिका हा तिचा सर्वांत मोठा प्रयोग होय. नेमक्या याच सुमारास, १९७४ मध्ये, कॉलिन मॅकेब यांनी ‘स्क्रीन’ या नियतकालिकातून ‘अभिजात वास्तववादी संहिते’वर आक्षेप घेतला होता. अशी संहिता आपल्यातील विविध वाचांची उतरंड लावते आणि त्यामुळे वास्तवातील अंतर्विरोध तिला अंतर्विरोध म्हणून दाखविता येत नाही, असा तो आक्षेप होता. ‘बिल ब्रँड’ मात्र अंतर्विरोधावरच उभी आहे. पोटनिवडणुकीत निवडून आलेला मजूर पक्षाचा हा डावा खासदार पक्षशिस्त आणि स्वतःची निष्ठा यांच्यात सापडतो, आणि मालिका त्याला त्यातून सोडवीत नाही.

तथापि मॅकेब यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. ‘कॉमेडियन्स’ (नॉटिंगहॅम, १९७५) या नाटकाच्या दुसऱ्या अंकात नाट्यगृहातील प्रेक्षकच क्लबमधील प्रेक्षक होतात. संध्याकाळच्या वर्गात विनोदाचे धडे घेतलेला गेथिन प्राइस तेथे भरजरी पोशाखातील दोन पुतळ्यांवर आपला द्वेष ओततो, तेव्हा आपण का हसलो वा का हसू शकलो नाही, याचा जाब प्रत्येकाला स्वतःला द्यावा लागतो. १९७९ मध्ये हेच नाटक बीबीसीवर आले. घरी बसलेला प्रेक्षक त्या क्लबकडे बाहेरून पाहतो. त्याची साक्ष होते, सहभाग होत नाही. प्रेक्षक वाढला, पण त्याच्यावरची जबाबदारी सैल झाली.

हे नुकसान मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पुढे हा शिरकाव रोखला गेला तो वास्तववादाच्या मर्यादेमुळे नव्हे, तर संस्थात्मक बदलांमुळे. मोजक्या वाहिन्या आणि स्वतंत्र नाटकासाठी राखलेली वेळ यांवर ही सारी व्यूहरचना अवलंबून होती. १९४५ च्या निवडणुकीतील उच्चवर्गीय कुटुंबाचे चित्रण करणारे ‘कंट्री’ (१९८१) ‘प्ले फॉर टुडे’ या मालेत दाखविले गेले. ती माला १९८४ मध्ये बंद पडली. १९९० च्या प्रसारण कायद्याने आयटीव्हीचे परवाने लिलावात काढले. टॉमस पेनवर ग्रिफिथ्स यांनी लिहिलेली पटकथा चित्रपटरूप घेऊ शकली नाही. अखेर २००९ मध्ये ती ग्लोब नाट्यगृहात नाटक होऊन अवतरली.

रंगमंचाकडून पडद्याकडे गेलेला लेखक असा पुन्हा रंगमंचावर परतला. या प्रवासाचे मूल्यमापन केवळ रूपबंधाच्या निकषावर केले, तर माध्यमाची मालकी कोणाकडे आहे हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. ग्रिफिथ्स यांनी आयुष्यभर तोच प्रश्न विचारला.