सास्तीचं पान

माझे आजोबा त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणायचे, गुणाकाराला 'जरब' आणि भूगोलाला 'जुगराफिया'. घरात बोलणं मराठी, पण हिशेबाला बसले की उर्दू. राजुरा तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. वर्धा नदी ओलांडून बल्लारपुरात पाय ठेवला की इंग्रजांचा मुलूख. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, विज्ञानासकट सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. पुस्तकांसाठी दारुल-तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातंच उघडलं होतं. देशी भाषेत विज्ञान शिकवायची ही हिंमत मोठीच, तिला मी नावं ठेवणार नाही. फक्त ती भाषा आमची नव्हती.

१९५६ ला आमचा तालुका नांदेडला जोडला, १९५९ ला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. मग विद्यापीठ म्हणजे नागपूर. २०११ पासून गडचिरोलीचं गोंडवाना.

या नावाची गोष्ट माझ्या कपाटात आहे. सास्तीच्या कोळसा खाणीतल्या एका कामगाराने मला पाटीएवढा दगड आणून दिला. काळपट, नख लावलं तर पापुद्रा सुटेल असा. त्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलंय, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. ग्लोसोप्टेरिस. वय पंचवीस कोटी वर्षांच्या वर. असलीच पानं आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेतही सापडतात. त्यावरून व्हिएन्नाच्या एदुआर्द स्यूसने हे भूभाग एके काळी जोडलेले होते असं मांडलं आणि १८८५ साली त्या खंडाला नाव दिलं गोंडवानालँड. शब्द त्याचा नव्हे. भूशास्त्र सर्वेक्षणाच्या मेडलिकॉटने १८७२ मध्येच मध्य भारतातल्या खडकांना गोंडांच्या मुलखाचं नाव लावलं होतं.

त्याच्याही आधी नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप पाद्र्याने याच भागातले जीवाश्म गोळा केले आणि गोंडांची गाणी गाणाऱ्या परधानाकडून त्यांच्या आद्यपुरुषाचं, लिंगोचं गीतही उतरवून घेतलं. १८६३ ला तो पाण्यात बुडून वारला; त्याचे कागद १८६६ ला छापले गेले. दगड भूशास्त्राकडे गेले, गीत मानववंशशास्त्राकडे. एकाच माणसाच्या झोळीतल्या या दोन गोष्टी मी कुठल्या वर्गात एकत्र शिकलो नाही, शिकवल्याही नाहीत.

वर्गात नाही, तर वर्गाबाहेर तरी त्या एकत्र याव्यात. पुणे विद्यापीठाची बहिःशाल, म्हणजे विद्यापीठाबाहेरची, व्याख्यानं गावोगावी होतात. तसंच गोंडवाना विद्यापीठाने आपल्या नावावरचं एक व्याख्यान राजुऱ्यात ठेवावं, बाजाराच्या दिवशी, मराठीत आणि गोंडीतही. दगड मी घेऊन येतो.