काळी आणि पांढरी : वऱ्हाडांतील बांधकामाचा एक धडा

वऱ्हाडचा इतिहास लिहूं लागलें कीं लेखणी बहुधा गाविलगडाकडे किंवा नरनाळ्याकडे धांवते. इमादशाहीचा उदय, १८०३ सालीं वेलस्लीनें घेतलेला गाविलगड, १८५३ सालीं हा मुलूख इंग्रजांच्या हवालीं करणारा करार, हे विषय महत्त्वाचे आहेत यांत शंका नाहीं. परंतु ज्या जमिनीवर हें सारें घडलें, तिनें येथील माणसास घर बांधण्याच्या कामीं किती छळलें आणि त्यानें तिच्याशीं कशी तडजोड केली, याचाहि एक इतिहास आहे. तो लढायांच्या इतिहासाइतका झगझगीत नाहीं. पण अमरावती-अकोल्याकडील ज्या गृहस्थानें जन्माची पुंजी घालून घर बांधलें आणि तिसऱ्या पावसाळ्यांत त्याच्या भिंतीस तिरपी भेग पडलेली पाहिली, त्यास तोच अधिक जवळचा वाटेल.

आपली काळी जमीन कापसाची माउली, पण भिंतीची वैरीण आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ती बनली. तिच्यांतील चिकणमातीचे कण अत्यंत सूक्ष्म पापुद्र्यांचे असून त्यांच्यामध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते आणि तें आटलें कीं आकसते. वैशाखांत शेताला ज्या खोल भेगा पडतात, त्याच मृगानंतर मिटून जातात. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असें म्हणतात तें यामुळेंच. जी स्वतःला नांगरते, ती डोक्यावरचें घर तेवढें स्वस्थ ठेवील अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. जुन्या मराठी दप्तरांत गांवच्या भूमीचे दोन भाग येतात : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद महसुलाच्या सोयीचा होताच. पण साधेल तेथें उंचवट्याच्या, न फुगणाऱ्या मातीवर राहावें आणि काळी पिकासाठीं राखावी, असा दुहेरी शहाणपणाहि त्यांत होता. पांढरीचा पांढरेपणा कांहीं अंशीं वस्तीचाच परिणाम होय. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती आणि चुलींची राख तिच्यांत मिसळत गेली. हीच माती घराच्या धाब्यावर पसरीत, आणि गढीच्या भिंतीहि तिच्याच उभारीत. घराची घडणहि जमिनीच्या स्वभावास धरून असे. छताचा भार लांकडी खांबांवर व तुळयांवर, आणि भिंत मातीची, जाड व नरम. जमीन थोडी हलली तर सांगाडा तेवढा कलून घेई. भिंतीस भेग पडली तर मातीच्या गिलाव्यानें ती बुजवीत. असें घर हलत असे, पण सहसा मोडत नसे.

येथें मात्र एका सोप्या समजुतीपासून सावध राहिलें पाहिजे. बार्शीटाकळीचें बाराव्या शतकांतील देऊळ, बाळापूरचा विटांचा किल्ला, पेंढाऱ्यांच्या भयानें निजामाच्या अमलांत १८०७ सालीं बांधावयास घेतलेला अमरावतीचा दगडी परकोट, यांकडे बोट दाखवून 'जुनें तें बळकट' म्हणण्याची आपल्यांत रीत आहे. पण जें टिकलें तेंच आपणांस दिसतें. जें पडलें त्याची साक्ष कोण देणार? त्या काळचीं साधीं घरें किती ढासळलीं, याची मोजदाद कोणत्याहि बखरींत नाहीं. शिवाय परकोट बांधणारास भिंत जाड करण्याची ऐपत होती. मोजक्या पैशांत, मिळेल त्या जमिनीवर, न भंगणारें घर कसें बांधावें हा सामान्य गृहस्थाचा प्रश्न त्या दगडांनीं सोडविलेला नाहीं.

आणि हा प्रश्न पुढें बिकटच झाला. १८६७ सालीं मुंबईची रेल्वे वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, कापसाचा व्यापार वाढला, गांवांचीं शहरें झालीं आणि वस्ती पांढरी सोडून काळ्या शेतांवर उतरली. त्याच सुमारास नरम मातीची जागा ताठर विटा-चुन्यानें आणि नंतर सिमेंटानें घेतली. पूर्णेकांठच्या खारपाण पट्ट्यांत तर अडचण दुहेरी आहे. तेथें गाळाचा थर इतका खोल कीं मुरूम किंवा खडक सहजीं हाताशीं येत नाहीं, आणि मातींतील सोडियममुळें तिची फुगण्याची खोड अधिकच वाढते.

मातीचें शास्त्र पद्धतशीर झालें तें विसाव्या शतकांत. कार्ल टर्झागीचा पायाभूत जर्मन ग्रंथ १९२५ सालचा. १९४७ सालीं रुडकी येथें स्थापन झालेल्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेंत दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी यांनीं काळ्या मातीचा अभ्यास केला. ऋतुमानाप्रमाणें मातींतील ओल सुमारें साडेतीन मीटर खोलीपर्यंत बदलते. त्याखालीं ती जवळजवळ स्थिर असते. तेव्हां खांब तितके खोल न्यावे, त्यांच्या तळाशीं दांड्याच्या सुमारें अडीचपट व्यासाचा फुगवटा करावा, म्हणजे माती फुगली तरी खांब वर उचलला जात नाहीं. आणि भिंतीखालची तुळई जमिनीपासून थोडी अधांतरीं ठेवावी. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं दुसरी वाट दाखविली : काळ्या मातीचा वरचा थर काढून त्याजागीं चिकटून राहणारा पण न फुगणारा मुरूम सुमारें एक मीटर जाडीनें दाबून भरावा. नुसती वाळू भरून हें साधत नाहीं. मुरमाचा चिकटपणाच खालच्या मातीस आवरून धरतो. कर्नाटकांतील मलप्रभेच्या कालव्यावर ही रीत कामास आली.

जुन्या आणि नव्या ज्ञानांतील खरें अंतर मला येथें दिसतें. गांव बसविणाऱ्यास 'कोठें' बांधावें हें कळत होतें. 'कां' हें त्यानें लिहून ठेविलें नाहीं. म्हणून पांढरी संपली तेथें त्याचें ज्ञान मुकें झालें. कारण कळलें म्हणजे ज्ञान एका गांवचें राहत नाहीं. कालव्यावर शिकलेली गोष्ट घराच्या पायासहि लागू पडते. परंतु कळलेलें कारण अहवालांतच पडून राहिलें, तर तेंहि मुकेंच.

याची एक साधी कसोटी आहे. बारीक चाळलेली दहा दहा ग्रॅम कोरडी माती दोन मापनळ्यांत घ्यावी. एकींत पाणी आणि दुसरींत रॉकेल घालून एक दिवस ठेवावें. रॉकेलांत माती फुगत नाहीं. पाण्यांतील माती तिच्या दीडपटीहून अधिक भरली, तर पाया खणण्यापूर्वीं जाणत्या इंजिनिअरास विचारावें. अमरावतीस १९६४ पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे; ही परीक्षा फार दूरची नव्हे. जागा घेतांना आपण सात-बारा दहा वेळां वाचतों, मागच्या तीन मालकांचीं नांवें तपासतों. ज्या मातीवर भिंत उभी राहावयाची, तिला मात्र कांहीं विचारीत नाहीं. पांढरी निवडणाऱ्या निरक्षर पूर्वजानें निदान तेवढें विचारलें होतें.