पाटी परत आली

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या सरांना गेल्या दसऱ्याला त्यांच्या नातीने एक डिजिटल पाटी आणून दिली. संगणकाला जोडायची, काळी, गुळगुळीत. सोबत बिनशाईची लेखणी. सोने द्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ती टेबलावर वर्तमानपत्राखाली झाकलेली होती. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना ज्यांनी शेकडो मुले बसवली, तेच सर तिच्याकडे नापास होण्याच्या भीतीने पाहत होते.

"काय हो, आता कागद-पेन्सिल मोडीत निघायची का?" त्यांनी विचारले.

चित्रकलेत माझी मजल मोर काढण्यापलीकडे कधी गेली नाही. पण त्या प्रश्नात एका माणसाचे सारे आयुष्य होते. उत्तर शोधण्यासाठी मी इतिहासाची पाने चाळू लागलो.

प्रश्न तसा जुनाच निघाला. १८०६ साली इंग्लंडात विल्यम वोलस्टनने 'कॅमेरा ल्युसिडा' या उपकरणाचे पेटंट घेतले. त्याच्या लोलकातून पाहिले की समोरचा देखावा कागदावर उतरल्यासारखा दिसे. त्यावरून पेन्सिल फिरवायची, एवढेच काम! १८३३ साली इटलीतल्या कोमो सरोवराकाठी हेन्री फॉक्स टॅलबट हे यंत्र घेऊन बसला. देखावा सुंदर, यंत्र चोख. कागदावर मात्र उमटल्या केविलवाण्या रेघा. गृहस्थ मोठा विद्वान, पण हाताला वळण नव्हते. या फजितीतूनच चित्र आपोआप उमटवण्याचा ध्यास त्याने घेतला आणि पुढे छायाचित्रणाच्या जनकांत त्याची गणना झाली. चित्र काढणे मात्र त्याला यंत्राने शिकवले नाही.

डिजिटल पाटीची कुळकथा त्यानंतर एकशेतीस वर्षांनी सुरू होते. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. संगणकाच्या पडद्यालाच प्रकाशलेखणी लावून तो आकृत्या काढी. पुढच्याच वर्षी रँड संस्थेने आडवी पाटी सिद्ध केली. दहा इंच लांब, दहा इंच रुंद, आणि आत इंचाला शंभर रेघांची विद्युतजाळी; लेखणी कोठे टेकली हे तिला कळे. मात्र हात टेबलावर आणि रेघ समोरच्या पडद्यावर! पडदा नसलेल्या पाट्या आजही याच रीतीने चालतात. सरांचे घोडे नेमके इथेच अडले होते. सारा जन्म त्यांची नजर पेन्सिलीच्या टोकावर राहिली. हाताकडे न पाहता काढा म्हटल्यावर स्वतःचाच हात त्यांना परका वाटू लागला. ज्या पाटीतच पडदा असतो, तिच्यावर ही अडचण पुष्कळ कमी होते.

इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनीची हकीकत तर ऐकण्याजोगी आहे. जन्म १९३७चा. २०१० साली आयपॅड निघाला तेव्हा याने सत्तरी ओलांडलेली. त्याआधी तो फोनवर अंगठ्याने फुले काढून मित्रांना पाठवी. पहाटे दिवा न लावता, बिछान्यातूनच, पडद्याच्या उजेडात सूर्योदय रंगवी. २०११ साली यॉर्कशायरमधल्या वोल्डगेट रस्त्यावर वसंत कसा येतो ते त्याने आयपॅडवर टिपले. त्यातली एकावन्न चित्रे पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत मोठ्या आकारात छापून मांडली गेली.

गोष्ट इथेच संपती, तर कागद हरला असे म्हणता आले असते. पण २०१३ साली त्याच रस्त्यावर, त्याच ऋतूत हा म्हातारा पुन्हा जाऊन बसला, तो कोळशाची कांडी घेऊन! पंचवीस चित्रे काढली. रंगाचा एक ठिपका नाही. आणि २०२० साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीत पुन्हा आयपॅड. हॉकनी यंत्राला भिणारा नव्हे, हे खरे. पण त्याचा हात आधी कागदावर तयार झाला होता, हेही तितकेच खरे.

हे सारे मी सरांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पाटीवर पुसता येते?"

"हवे तितके. खूणसुद्धा उरत नाही."

"मग वाईटच!" वर्गात मुलांची खोडरबरे जप्त करणारे हे सर. चुकलेली रेघ डोळ्यांसमोर राहिली तरच दुसरी बरोबर येते, हे त्यांचे ब्रीद.

दिवाळीच्या फराळाला गेलो, तेव्हा वेगळाच थाट दिसला. नातीने ती पाटी नेऊन स्वतःची पडद्याची पाटी आजोबांना दिली होती. एकच कुंचला निवडून दिला आणि बजावले, "बाकीच्या बटणांकडे बघायचेसुद्धा नाही." अधू दृष्टीमुळे सरांनी बारीक काम सोडून दिले होते. इथे दोन बोटे फाकवली की चित्र मोठे होई. पिंपळाच्या पानाची शीर न् शीर त्यांनी काढली होती. मला दाखवताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

मग नातीने एक कळ दाबली. ते पान पहिल्या रेघेपासून आपोआप पुन्हा उमटत गेले. सर म्हणाले, "फळ्यावर मी काढायचो, तेव्हा मुले हेच तर बघायची!"

पाटी कागदाची जागा घेईल काय? मला तसे वाटत नाही. ती शेजारी बसते, आणि थकलेल्या डोळ्याला हात देते. मात्र तिच्याशी बिचकणाऱ्याची ओळख करून द्यायला घरातले कोणीतरी मायेचे माणूस लागते.

निघताना टेबलाकडे पाहिले. ते वर्तमानपत्र अजून तिथेच होते. त्यावर पेन्सिलीची ताजी साले पडली होती.