सिगारसाठी लाकडी ह्युमिडॉर घ्यावा की हवाबंद डबा? गोंदियाच्या हवेत काय टिकतं?

ह्युमिडॉर म्हणजे सिगार ठेवायची पेटी, जिच्या आतला दमटपणा एका ठरावीक पातळीवर टिकून राहतो. इंटरनेटवर याबद्दल भरपूर माहिती आहे, पण ती बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेली. तिथे घर वर्षभर २०-२२ अंशांवर असतं. मी राहतो कुडव्याला, गोंदिया शहराला लागून. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, दुपारच्या हवेत ओलावा २० टक्क्यांच्या आसपास उरतो, आणि दोन-अडीच महिन्यांनी ऑगस्टच्या सकाळी तोच ८५-९० टक्के असतो. त्यामुळे तिकडचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. उलट काही बाबतीत नेमका उलटा पडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख सिगार ओढा असं सांगणारा नाही. धूर छातीत न घेताही सिगारने तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होतो, आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही ती विकणं कायद्याने गुन्हा आहे. पण परदेशातल्या पाहुण्याने भेट दिलेली महागडी पेटी घरात येते, लग्नसमारंभासाठी कुणी आणून ठेवतं, आणि मग ती ठेवायची कुठे हा प्रश्न खरा असतो. २५ सिगारच्या पेटीला कित्येक हजार रुपये मोजलेले असतात आणि चुकीच्या जागी ठेवली तर पावसाळ्यातल्या एकाच पंधरवड्यात तिला बुरशी धरते.

विडी कोरडी, सिगार ओली

गोंदियाच्या माणसाला हा विषय खरं तर लवकर कळायला हवा. आपला जिल्हा तेंदूपत्त्याचा आणि विडीचा. मनोहरभाई पटेलांसारख्यांचे उद्योग इथे विडीवरच उभे राहिले. तेंदूची पानं एप्रिल-मेमध्ये तोडून, ७०-७० पानांचे पुडे बांधून फळीवर उन्हात वाळवतात. वाळलेलं पान तसंच पोत्यात कोंबलं तर त्याचा चुरा होतो, म्हणून भरण्याआधी त्यावर पाणी शिंपडून ते थोडं नरम करतात. पुढे विडी वळणाऱ्या बाया पान पुन्हा भिजवतात, ओल्या कापडात गुंडाळून ठेवतात, मगच कात्रीने कापतात. विडी वळून झाली की मात्र तिला भट्टीवर शेकून ओलावा काढून टाकायचा. म्हणजे काम करताना पान ओलं, ठेवताना माल कोरडा.

हाताने वळलेल्या सिगारचं उलट आहे. तिच्यात आतून बाहेरपर्यंत तंबाखूचंच पान असतं, आणि बाहेरचं पान इतकं पातळ की कोरडं पडलं की तडकतं. म्हणून ती कायम किंचित ओलसर ठेवावी लागते. साधारण मान्य आकडा ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे.

सगळ्याच सिगारना हे लागत नाही. आपल्याकडे चिरूट म्हणतात तो प्रकार (शब्द मूळ तमिळ 'सुरुट्टु' वरून आलेला, आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट एकेकाळी इंग्लंडपर्यंत जायचे), किंवा डच पद्धतीच्या मशीनवर बनलेल्या बारीक सिगार, या कोरड्याच ठेवायच्या असतात. टिनच्या डबीत आलेली सिगार असेल तर बहुतेक वेळा ह्युमिडॉरची गरजच नाही. पैसे खर्च करण्याआधी हे बघून घ्या.

ओलावा नेमका साठतो कुठे?

इथे थोडं गणित करू, कारण पुढची सगळी निवड यावर आहे. समजा १० लिटरचा डबा आहे, आत ३० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता. त्या अख्ख्या डब्यातल्या हवेत पाणी किती? जेमतेम ०.२ ग्रॅम. म्हणजे चार-पाच थेंब. आणि आत ठेवलेल्या २० सिगारमध्ये? चांगल्या अवस्थेतल्या सिगारच्या वजनाचा साधारण आठवा भाग पाणी असतं, म्हणजे सगळ्या मिळून २५-३० ग्रॅम. हवेपेक्षा शंभर पटीहून जास्त.

याचा अर्थ, दमटपणा हवा नाही सांभाळत, तंबाखू आणि लाकूड सांभाळतात. डबा उघडून बंद केला तर आकडा खाली जातो, पण तासाभरात सिगार स्वतःतला कणभर ओलावा सोडून तो पुन्हा वर आणतात. एकदा उघडल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते झाकणाच्या फटीतून दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे हवा येत-जात राहिल्याने. म्हणून पेटी किती देखणी आहे यापेक्षा ती किती घट्ट बंद होते हे महत्त्वाचं.

लाकडी पेटी

पारंपरिक ह्युमिडॉरच्या आत 'स्पॅनिश सीडर' नावाचं लाकूड असतं. नावावर जाऊ नका. ते स्पेनचंही नाही आणि देवदाराच्या जातीचं तर मुळीच नाही. ते अमेरिका खंडातलं झाड, आणि कुळ म्हणाल तर आपल्या कडुनिंबाचं आणि महोगनीचं. आपला तूण त्याचा इतका जवळचा नातेवाईक की पूर्वी त्याला एकाच प्रजातीत धरायचे. हे लाकूड ओलावा पितं आणि हळूहळू सोडतं, सहज कुजत नाही, आणि त्याचा वास सिगारला शोभतो.

थंड, स्थिर हवेत ही पेटी उत्तम. आपल्याकडे तिची अडचण तीच, जी घराच्या दाराची. पावसाळ्यात दार फुगतं, चौकटीत अडकतं, आणि उन्हाळ्यात फट पडते. ओळखीतल्या एकांकडे चांगली पॉलिश केलेली आयात पेटी आहे. मे महिन्यात झाकण आणि पेटीच्या मधे कागदाचा कपटा सहज सरकतो आणि आतला आकडा ५० च्या खाली. ऑगस्टमध्ये त्याच फटीतून बाहेरची सादळलेली हवा आत, आणि आकडा ७८. वर्षभरात ती पेटी दोन्ही टोकांना जाते.

शिवाय नवीन पेटी आधी 'मुरवावी' लागते. सुकं लाकूड सिगारमधलंच पाणी ओढून घेतं. त्यासाठी ओल्या फडक्याने पेटी पुसा असा सल्ला कुठे दिसला तर तो ऐकू नका, लाकूड वाकतं. ८४ टक्क्यांची आर्द्रता-पाकिटं आत ठेवून दोन आठवडे पेटी बंद ठेवायची, हा बरा मार्ग.

सुताराकडून बनवून घ्यायचा विचार असेल तर एकच सांगतो: आतून पॉलिश, व्हार्निश, सनमायका काही नको, आणि प्लायवूड तर नकोच. गोंदाचा वास तंबाखूत बसला की निघत नाही. सागवान आपल्याकडे चांगलं मिळतं, पण ते तेलकट, स्पॅनिश सीडरइतकं पाणी पीत नाही, आणि त्याला स्वतःचा वास असतो. बाहेरून साग ठीक, आत नको. देवदार तर अजिबात नको.

हवाबंद डबा

आता माझं मत. कुडव्यासारख्या हवेत चारही बाजूंनी लॉक होणारा, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला खाण्याचा प्लास्टिक डबा लाकडी पेटीपेक्षा चांगलं काम करतो. काही शे रुपयांत मिळतो. दिसायला तो पोह्यांचा डबाच, त्यामुळे पाहुण्यांसमोर मिरवता येत नाही. पण काम चोख.

डबा नवा असेल तर प्लास्टिकचा वास जाईपर्यंत खायचा सोडा घालून धुवा आणि दोन दिवस उघडा ठेवा. लोणच्याचा, मसाल्याचा जुना डबा घेऊ नका. सिगार ज्या लाकडी खोक्यात आल्या ते खोकं तसंच डब्यात ठेवलं की लाकडाचा फायदा फुकट मिळतो. दर पंधरा दिवसांनी एकदा झाकण उघडून हवा बदलायची, बस. पावसाळ्यात हे काम कोरड्या दुपारी करा.

काचेची बरणी चालते, फक्त अंधारात ठेवावी लागते. स्टीलचा डबा मला आवडत नाही. झाकण घट्ट बसत नाही, आणि पत्रा पटकन थंड होतो, त्यामुळे रात्री पारा उतरला की आतून दव धरू शकतं. आइस बॉक्स मात्र बघण्यासारखा आहे. त्याच्या जाड भिंतींमुळे दिवसा-रात्रीचा तापमानाचा फरक आत कमी पोचतो. पेट्या जास्त असतील तर मी तोच सुचवेन.

फ्रिज आणि वाइन कूलर

घरच्या फ्रिजमध्ये उघडी सिगार ठेवू नका. आजचे फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आतली हवा कोरडी करतात, आणि कालच्या भाजीचा वास तंबाखू लगेच पकडते.

वाइन ठेवायचा छोटा फ्रिज सिगारसाठी वापरायची पद्धत बाहेर बरीच आहे. त्यातला स्वस्त प्रकार पेल्टियर चिपवर चालतो. ही चिप खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ अंश खाली नेऊ शकते. खोली ३८ अंशांवर असेल तर आत २३ च्या आसपासच राहणार, आणि त्यासाठी ती अखंड चालू राहील. कंप्रेसरवाला प्रकार खरोखर थंड करतो, पण हवा सुकवतो, म्हणून आत पुन्हा हवाबंद डबाच ठेवावा लागतो. त्यात उन्हाळ्यात वीज गेली की खेळ संपला. शेकडो सिगार असतील तरच या वाटेला जा.

आर्द्रता देणारी वस्तू

जुन्या पेट्यांसोबत डिस्टिल्ड पाण्यात भिजवायचा स्पंज येतो. तो ओलावा फक्त देतो, घेत नाही. मे महिन्यात ठीक, पण जुलैत तो बुरशीचं आमंत्रण आहे. आपल्याला लागतं दोन्ही बाजूंनी काम करणारं पाकीट, उदाहरणार्थ बोवेडा. त्यात मिठाचं संपृक्त द्रावण असतं. प्रत्येक मीठ आपापल्या ठरलेल्या आर्द्रतेला तोल धरतं: हवा त्याहून कोरडी असेल तर पाणी सोडतं, ओली असेल तर ओढून घेतं. २५ सिगारमागे ६० ग्रॅमचं एक पाकीट हे प्रमाण. पाकीट कडक झालं की बदलायचं.

कोणता आकडा घ्यायचा? परदेशी पानांवर ६९ लिहिलेलं असतं. मी आपल्याकडे ६२ किंवा ६५ घ्यायला सांगतो. आपलं तापमान जास्त, आणि उष्णता व ओलावा एकत्र आले की बुरशी आणि किडा दोन्ही येतात. नुसतं सिलिका जेल टाकू नका, ते सिगार पार सुकवून टाकतं.

मीटर खरं बोलतंय का?

स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर पाच टक्क्यांपर्यंत चुकू शकतं. तपासायला घरचं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या रेतीसारखं करा. पाणी वर तरंगायला नको. झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७१ दिसलं तर तुमचं मीटर ४ ने कमी दाखवतं, तसं पाठीमागे पेनाने लिहून ठेवा. मीठ भिजवून ७५ येणं हे थंडीत-उन्हाळ्यात जवळजवळ बदलत नाही, म्हणून ही चाचणी कधीही करता येते.

किडा

सिगारमध्ये टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर तो सिगारेट भुंगेरा. हाच किडा साठवलेल्या हळदीत आणि धण्यातही होतो, त्यामुळे आपल्या घरांना तो नवा नाही. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि २३-२४ अंशांच्या वर फुटायला लागतात. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हे तापमान असतंच. स्पॅनिश सीडर त्याला थांबवत नाही.

म्हणून सिगार घरात आल्या आल्या गोठवून घ्या. दोन झिप पिशव्यांत, एकात एक, हवा काढून बंद करा. एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड पानावर पाणी धरतं आणि ते तडकतं.

डबा ठेवायचा कुठे?

स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर नको, गच्ची रात्रभर उष्णता सोडत राहते. खालच्या मजल्यावरची आतली खोली, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट, जमिनीजवळचा कप्पा. जुन्या कवेलूच्या मातीच्या घरात एखादी आतली कोनाडी असेल तर तिच्याइतकी चांगली जागा नाही. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवला तरी चालेल: ४४ अंश आणि १८ टक्क्यांच्या हवेला पाण्याने थंड करून जास्तीत जास्त २५ अंशांच्या जवळ नेता येतं, प्रत्यक्षात खोली २८-३० ला थांबते. तिथे हवा भरपूर दमट असते, पण डबा हवाबंद असल्याने फरक पडत नाही. लाकडी पेटी मात्र त्या खोलीत ठेवू नका.

पांढरा थर दिसला तर बोटाने पुसून बघा. ठिपके कापसासारखे, हिरवट-निळसर, किंवा सिगारच्या उघड्या टोकाला आतपर्यंत गेलेले असतील तर ती सिगार फेकून द्या आणि बाकीच्या आठवडाभर वेगळ्या ठेवा. कोरड्या पडलेल्या सिगारला घाईने ओलावा देऊ नका: आधी दोन-तीन आठवडे ६२ चं पाकीट, मग ६५ चं.